मोठे शहर, लहान कुटुंब

लग्नमंडपात नववधू वडीलधाऱ्यांच्या पाया पडली की पूर्वी एक आशीर्वाद हमखास कानी येई : ‘अष्टपुत्रा सौभाग्यवती भव’. आज तो क्वचितच ऐकू येतो आणि चुकून कोणी उच्चारलाच तर मंडपात हशा पिकतो. आठ मुलगे, म्हणजे मुली धरून पंधरा-सोळा अपत्ये, ही कल्पनाच आता पेलवत नाही. परंतु ज्या काळात हा आशीर्वाद रूढ झाला, त्या काळात त्यात हसण्यासारखे काही नव्हते. आठ जन्मली तर निम्मी तरी जगतील, असा तो हिशेब होता. हा हिशेब बदलला कसा आणि त्या बदलाची किंमत कोणी मोजली, हे समजून घेण्यासाठी या पाठात आपण एका शहराकडे पाहणार आहोत. ते शहर म्हणजे बंगळुरू.

या शहराची निवड करण्यास दोन कारणे आहेत. सरकारने स्वतःच्या खर्चाने संततिनियमनाचे केंद्र चालवावे, ही गोष्ट जगात बहुधा प्रथम याच परिसरात घडली. दुसरे कारण अधिक चमत्कारिक आहे. बंगळुरूची लोकसंख्या १९५१ साली आठ लाखांच्या आत होती. २०११ साली ती ८४ लाखांवर गेली. याच साठ वर्षांत तेथील कुटुंबातील मुलांची संख्या मात्र सतत घटत गेली. शहर फुगत आहे आणि पाळणे कमी होत आहेत, हे एकाच वेळी कसे घडते?

आकडे वाचण्यापूर्वी

लोकसंख्येच्या चर्चेत दोन शब्द वारंवार येतात व त्यांची गल्लत होते. दर हजार लोकसंख्येमागे एका वर्षात जी बालके जिवंत जन्मतात, त्या संख्येला जन्मदर म्हणतात. हा आकडा मोजण्यास सोपा आहे, पण फसवाही आहे. ज्या गावात तरुण दांपत्ये अधिक, तेथे प्रत्येक घरी मुले थोडी असली तरी जन्मदर मोठा दिसतो. म्हणून अभ्यासक ‘एकूण प्रजननदर’ वापरतात. सध्या निरनिराळ्या वयाच्या स्त्रियांना ज्या प्रमाणात मुले होत आहेत, तेच प्रमाण कायम राहिले, तर एका स्त्रीला वयाच्या पंधराव्या वर्षापासून एकोणपन्नासाव्या वर्षापर्यंत सरासरी किती मुले होतील, हे त्यावरून कळते.

एकूण प्रजननदर २.१ असला, तर एका पिढीची जागा दुसरी पिढी नेमकी भरून काढते. आईवडील दोघे, त्यांच्या जागी मुले दोन. मग वरचा दशांश कशासाठी? काही मुले मोठी होण्यापूर्वीच दगावतात, आणि निसर्गतः मुलींपेक्षा मुलगे किंचित अधिक जन्मतात. ही तूट त्या दशांशाने भरून निघते. या २.१ ला प्रतिस्थापन पातळी म्हणतात.

भारताचा एकूण प्रजननदर १९५० च्या सुमारास सहाच्या आसपास होता. राष्ट्रीय कौटुंबिक आरोग्य पाहणीच्या १९९२-९३ मधील पहिल्या फेरीत तो ३.४ आढळला आणि २०१९-२१ मधील पाचव्या फेरीत २.० झाला. याच दोन फेऱ्यांत कर्नाटकाचा आकडा २.८५ वरून १.७ वर उतरला. कर्नाटकाने प्रतिस्थापन पातळी विसाव्या शतकाच्या अखेरीसच जवळजवळ गाठली होती. १९९८-९९ च्या फेरीत तेथील दर २.१३ होता. महाराष्ट्राचा पाचव्या फेरीतील आकडाही १.७ च आहे, आणि गोव्याचा १.३. तेव्हा बंगळुरूची ही कथा मराठी वाचकाच्या घरापासून फार दूरची नाही.

म्हैसूर सरकारचा आदेश

त्या काळी संततिनियमनाविषयी उघड बोलणे सभ्यतेला सोडून मानले जाई. मुंबईत रघुनाथ धोंडो कर्वे यांनी १९२१ साली संततिनियमनाचे केंद्र सुरू केले आणि १९२७ पासून ‘समाजस्वास्थ्य’ हे मासिक चालवले. त्यासाठी त्यांना प्राध्यापकाची नोकरी सोडावी लागली, खटल्यांना तोंड द्यावे लागले आणि आयुष्यभर उपेक्षा सहन करावी लागली. कर्व्यांच्या पाठीशी सरकार नव्हते आणि समाजही नव्हता.

म्हैसूर संस्थानात चित्र वेगळे होते. चौथे कृष्णराज वडियार हे तेथील महाराज आणि मिर्झा इस्माईल हे दिवाण. त्यांच्या सरकारने ११ जून १९३० रोजी संततिनियमनाची केंद्रे उघडण्याचा आदेश काढला आणि त्यानुसार बंगळुरू व म्हैसूर येथे अशी केंद्रे सुरू झाली. जगातील सरकारी खर्चाने चाललेली ही पहिली केंद्रे, असा त्यांचा उल्लेख अनेक ग्रंथांत येतो. बंगळुरूत स्त्रिया व बालके यांच्यासाठीचे वाणी विलास रुग्णालय १९३५ साली उभे राहिले, तेही याच राजवटीत.

आदेश निघाला, दार उघडले. परंतु त्या दारातून आत येणाऱ्या स्त्रिया थोड्याच होत्या. याचे कारण केवळ लाज हे नव्हे. प्लेगने १८९८ साली बंगळुरूत घातलेला धुमाकूळ लोक विसरले नव्हते. देवी, हिवताप, हगवण हे दरवर्षीचे पाहुणे. ज्या आईने आपली दोन मुले पुरली आहेत, तिला ‘तिसऱ्यानंतर थांब’ असे सांगणे म्हणजे तिच्या दुःखाची थट्टाच होती. राज्यकर्ते काळाच्या पुढे होते हे खरे. पण लोकही आपापल्या परिस्थितीप्रमाणे शहाणपणानेच वागत होते, हे अनेकदा नजरेआड केले जाते.

मण्यांची माळ

स्वातंत्र्यानंतर १९५२ साली भारताने कुटुंबनियोजनाचा राष्ट्रीय कार्यक्रम स्वीकारला. असे करणारा भारत हा पहिला देश. तत्कालीन आरोग्यमंत्री राजकुमारी अमृत कौर या गांधीजींच्या अनुयायी. कृत्रिम साधने त्यांना मान्य नव्हती. संयम मात्र मान्य होता. म्हणून जागतिक आरोग्य संघटनेच्या साहाय्याने ‘सुरक्षित दिवस’ पाळण्याच्या पद्धतीचा प्रयोग करण्याचे ठरले. त्यासाठी निवडलेल्या ठिकाणांपैकी एक होते बंगळुरूपासून सुमारे पन्नास किलोमीटरवरील रामनगरम. रेशमाच्या बाजारासाठी हे गाव प्रसिद्ध. पुढे ‘शोले’ या चित्रपटाचे चित्रीकरण तेथील खडकांत झाल्यामुळे ते देशभर ठाऊक झाले.

अमेरिकेचे डॉ. अब्राहम स्टोन यांच्या मार्गदर्शनाखाली हा प्रयोग झाला. स्त्रियांना निरनिराळ्या रंगांच्या मण्यांची माळ देण्यात आली. रोज एक मणी सरकवायचा. मण्याच्या रंगावरून तो दिवस सुरक्षित की नाही हे ओळखायचे. कागदावर ही योजना सुबक होती. प्रत्यक्षात अडचणी निघाल्या. अंधारात रंग दिसेनात. माळ गळ्यात घालून चारचौघांत वावरण्याची स्त्रियांना लाज वाटे. काहींना तो ताईतच वाटला : माळ जवळ असली की झाले! मणी सरकवण्याचे विसरले की सारे गणित चुके. आणि मुख्य म्हणजे, दिवस कोणता हे मणी सांगत होता. पण त्या दिवशी ‘नाही’ म्हणण्याचा अधिकार मणी देत नव्हता. तो अधिकार घरात स्त्रीकडे नव्हताच. प्रयोगातून जन्मसंख्येवर म्हणण्यासारखा परिणाम झाला नाही.

याच सुमारास, १९५१-५२ मध्ये, संयुक्त राष्ट्रसंघ व भारत सरकार यांनी मिळून बंगळुरू शहर व म्हैसूर राज्यातील काही ग्रामीण भाग यांची विस्तृत पाहणी केली. तिचा अहवाल ‘म्हैसूर लोकसंख्या अभ्यास’ या नावाने १९६१ साली प्रसिद्ध झाला. या पाहणीत एक गोष्ट ठळकपणे पुढे आली. पुष्कळ दांपत्यांच्या मनातील कुटुंब त्यांच्या प्रत्यक्षातील कुटुंबापेक्षा लहान होते. आणि माध्यमिक शाळेपर्यंत वा त्यापुढे शिकलेल्या स्त्रियांना इतरांपेक्षा मुले कमी होती. अशा स्त्रिया त्या वेळी मूठभर होत्या, एवढेच.

हिशेब कसा बदलला

जन्मदर घटण्याचे श्रेय बहुधा सरकारी मोहिमांना दिले जाते. लाल त्रिकोण, ‘दोन किंवा तीन पुरेत’ अशा घोषणा, आकाशवाणीवरील कार्यक्रम यांचा काहीच उपयोग झाला नाही असे म्हणता येणार नाही. परंतु बंगळुरू व आसपासचा इतिहास पाहता मोहिमांपेक्षा घराघरांतील हिशेबाला अधिक महत्त्व द्यावे लागते.

या हिशेबातील पहिली बाब म्हणजे मुले जगू लागली. लसी आल्या, नळाचे पाणी आले, बाळंतपणे सुइणीच्या हातून रुग्णालयात गेली. भारतात १९७१ साली जन्मलेल्या दर हजार बालकांपैकी १२९ बालके वर्षाच्या आत दगावत. कर्नाटकात २००६ साली हे प्रमाण हजारी ४८ होते आणि २०२० साली ते १९ वर आले. पोटचे मूल जगणार याची खात्री वाटू लागली की ‘हाताशी असावीत’ म्हणून जास्तीची मुले होऊ देण्याची गरज उरत नाही. मात्र ही खात्री एका वर्षात येत नाही. मृत्युदर घटतो आधी. लोकांच्या मनात तो घटतो नंतर. मधल्या काळात लोकसंख्या भराभर वाढते. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात भारतात जी वाढ झाली, ती मुख्यतः या मधल्या काळाची वाढ होय. लोक अधिक मुले जन्माला घालू लागले होते असे नाही. ती मरण्याचे थांबले होते.

दुसरी बाब शाळेची. सन १९७९ पासून पुढे काही वर्षे जॉन कॉल्डवेल, पी. एच. रेड्डी आणि पॅट कॉल्डवेल या अभ्यासकांनी बंगळुरूच्या पश्चिमेस सुमारे सव्वाशे किलोमीटरवर असलेल्या खेड्यांत मुक्काम करून घरोघरी चौकशी केली. रेड्डी हे बंगळुरूच्या लोकसंख्या केंद्राचे. केवळ प्रश्नावली भरून न घेता लोकांशी दीर्घ गप्पा मारणे, ही त्यांची पद्धत. त्यांना असे आढळले की पूर्वी मूल म्हणजे घरातला कामकरी हात होता. सहाव्या-सातव्या वर्षी ते शेळ्या राखी, पाणी भरी, धाकट्याला सांभाळी. शाळा आली आणि तेच मूल खर्चाची बाब बनले. पाटी, कपडे, वह्या, शिकवणी. शिवाय शाळेत जाणारे मूल कामाला पूर्वीसारखे उपलब्ध राहत नाही व त्याच्याकडून तशी अपेक्षाही उरत नाही. दुष्काळी भागातील शेतकरी असाही विचार करू लागला की घरातील एक मुलगा शिकून शहरात नोकरीला लागला, तर पाऊस न पडलेल्या वर्षीही चूल पेटेल. पाच मुलांना असे शिकवता येत नाही, एका-दोघांना येते.

त्या शेतकऱ्याच्या डोळ्यांसमोर असलेले शहर म्हणजे बंगळुरू. सोलापूरचे उद्योगपती वालचंद हिराचंद यांनी म्हैसूर सरकारच्या साहाय्याने डिसेंबर १९४० मध्ये तेथे विमानांचा कारखाना काढला. स्वातंत्र्यानंतर टेलिफोन, यंत्रसामग्री, इलेक्ट्रॉनिक उपकरणे यांचे मोठे सरकारी कारखाने उभे राहिले. या कारखान्यांनी पगाराबरोबर वसाहत, दवाखाना, शाळा आणि निवृत्तिवेतनासारखी सोय दिली. म्हातारपणी मुलाच्या दाराशी बसावे लागणार नाही, हा विश्वास मध्यमवर्गात प्रथम अशा वसाहतींतून रुजला. दोन खोल्यांच्या कारखान्याच्या घरात सहा मुले वाढवणे तसेही कठीणच होते.

तिसरी बाब मुलींच्या लग्नाच्या वयाची, आणि कदाचित हीच सर्वांत निर्णायक ठरावी. मुलगी शाळेत असेपर्यंत तिचे लग्न लांबते. सोळाव्या वर्षी पहिले बाळंतपण होण्याऐवजी ते बाविसाव्या वर्षी झाले, तर पिढ्यांमधील अंतरच वाढते. स्वातंत्र्योत्तर पहिल्या जनगणनेत, १९५१ साली, देशातील शंभरांपैकी जेमतेम नऊ स्त्रियांना लिहिता-वाचता येत होते. कर्नाटकात हे प्रमाण २०११ साली ६८ टक्के होते. बंगळुरू शहर जिल्ह्यात ८४ टक्के. वीस ते चोवीस वयाच्या स्त्रियांपैकी अठराव्या वर्षाआधी लग्न झालेल्या स्त्रिया कर्नाटकात २०१९-२१ मध्येही सुमारे २१ टक्के होत्या, ही गोष्ट मात्र विसरता कामा नये.

घरातील सत्ताही सरकली. पूर्वी सुनेला किती मुले व्हावीत हे सासू ठरवी. सून तोंड उघडत नसे. नवरा-बायको आपसात बोलू लागले, तेव्हाच ‘आता पुरे’ हा शब्द घरात उच्चारला गेला. या बदलाची नोंद कोणत्याही जनगणनेत सापडत नाही.

> विचार करा : मृत्युदर घटल्यानंतर जन्मदर लगेच का घटत नाही? आपल्या परिसरातील एखादे उदाहरण आठवून उत्तर द्या.

किंमत कोणी मोजली

देशात १९७६-७७ या आणीबाणीच्या वर्षात ८० लाखांहून अधिक नसबंदी शस्त्रक्रिया झाल्या. त्यांत बहुसंख्य पुरुष होते आणि अनेकांवर सक्ती झाली होती. ‘नसबंदी’ हा शब्द भीतीचा झाला. सरकार बदलले; कार्यक्रमाचे नावही ‘कुटुंबनियोजन’ऐवजी ‘कुटुंबकल्याण’ झाले. त्यानंतर पुरुषांना हात लावण्याचे धाडस कोणी केले नाही. सारा भार अलगद स्त्रियांवर आला.

कर्नाटकातील २०१९-२१ चे आकडे याबाबत बोलके आहेत. विवाहित स्त्रियांपैकी ५७ टक्के स्त्रियांनी नसबंदीची शस्त्रक्रिया करून घेतली होती. पुरुषांच्या नसबंदीच्या रकान्यात लिहिलेला आकडा होता ०.०. वास्तविक पुरुषाची शस्त्रक्रिया अधिक सोपी, कमी जोखमीची आणि पोट न उघडता होणारी आहे. पण ‘त्याला कामावर जायचे असते’ हे उत्तर घराघरांत तयार असते. जणू तिला कामावर जायचेच नसते. लवकर लग्न, लागोपाठ दोन बाळंतपणे आणि पंचविशी-सव्विशीत शस्त्रक्रिया, असा असंख्य स्त्रियांचा आयुष्यक्रम झाला. दोन मुलांमध्ये अंतर राखणारी साधने उपलब्ध असूनही त्यांचा वापर कमीच राहिला. जन्मदर घटला म्हणजे स्त्री स्वतंत्र झाली, असे समीकरण म्हणून मांडता येत नाही.

मुलांची संख्या घटली, पण ‘एक तरी मुलगा हवा’ ही इच्छा त्या प्रमाणात घटली नाही. सहा मुलांत मुलगा होण्याची शक्यता मोठी. दोघांत ती कमी. मग गर्भलिंगचाचणीचा गैरमार्ग चोखाळला गेला. कर्नाटकात शून्य ते सहा वयोगटात दर हजार मुलग्यांमागे १९९१ साली ९६० मुली होत्या. २००१ साली ९४६ उरल्या. गर्भलिंगनिदानास प्रतिबंध करणारा कायदा १९९४ सालीच झाला होता. पुढे ही घसरण थांबली, तरी २०११ मध्ये आकडा ९४८ पर्यंतच सावरला.

बंगळुरूच्या तयार कपड्यांच्या कारखान्यांत लक्षावधी स्त्रिया शिलाई यंत्रावर काम करतात. पीण्या, म्हैसूर रस्ता, होसूर रस्ता या भागांत सकाळी त्यांचे तांडे दिसतात. कायद्याप्रमाणे मोठ्या कारखान्यात पाळणाघर हवे आणि २०१७ च्या दुरुस्तीनुसार पहिल्या दोन अपत्यांसाठी सव्वीस आठवड्यांची पगारी प्रसूतिरजाही हवी. पण कायदा वाचून बाळ सांभाळले जात नाही. पाळणाघर दूर वा नावापुरते असले, तर आई नोकरी सोडते किंवा तान्ह्या मुलाला गावी आजीजवळ ठेवून परत येते. मंड्या किंवा तुमकूरच्या खेड्यात नातवाला वाढवणारी आजी आणि शहरात दूध आटलेली आई, हे दृश्य लोकसंख्येच्या तक्त्यात ‘दर स्त्रीमागे १.७’ एवढ्याच रूपात दिसते. अशी आई दुसऱ्या मुलाचा विचार करील तो कशाच्या आधारावर?

संगणक उद्योगातील स्त्रीपुरुषांची अडचण वेगळी वाटली तरी मुळात सारखीच आहे. शिक्षण, नोकरी, घराचे कर्ज, रोजचा दोन-तीन तासांचा प्रवास यांत तिशी उलटते. ज्यांना एक मूल हवे असते त्यांना ते होत नाही म्हणून दवाखान्यांचे उंबरठे झिजवावे लागतात. पूर्वी लोकांना हवी त्यापेक्षा अधिक मुले होत. आता काहींना हवी तेवढीही होत नाहीत. सत्तर वर्षांपूर्वीच्या पाहणीतील तफावत जणू उलटी झाली आहे.

जन्म घटले, मग शहर का वाढले?

आरंभी विचारलेल्या प्रश्नाकडे आता वळू. जन्म कमी झाले तरी लोकसंख्या लगेच कमी होत नाही. मागील पिढीत जन्मलेल्या असंख्य मुली आज आई होण्याच्या वयात आहेत. प्रत्येकीला एकच मूल झाले, तरी एकूण जन्म बरेच होतात. धावती आगगाडी ब्रेक लावल्यावरही काही अंतर पुढे जाते, तसेच हे आहे.

परंतु बंगळुरूच्या बाबतीत याहून मोठे कारण स्थलांतर हे आहे. सन २००१ ते २०११ या दशकात कर्नाटकाची लोकसंख्या सुमारे १५.६ टक्क्यांनी वाढली. बंगळुरू शहर जिल्ह्याची मात्र ४७ टक्क्यांनी. याच दशकात कॉफीच्या मळ्यांसाठी प्रसिद्ध असलेल्या चिक्कमगळूर जिल्ह्याची लोकसंख्या चक्क घटली. ११ लाख ४१ हजारांवरून ती ११ लाख ३८ हजारांवर आली. कोडगूची वाढ जेमतेम एक टक्का होती. तेथे मुले आधीच कमी, त्यात तरुण शहराकडे निघालेले. दुसरीकडे रायचूर, यादगीर, कलबुर्गी या उत्तरेकडील कोरडवाहू जिल्ह्यांत प्रजननदर तुलनेने जास्त. तेथून मजुरांची कुटुंबे बंगळुरूच्या बांधकामांवर येतात. शिवाय बिहार, ओडिशा, बंगाल, आसाम येथील तरुण आहेतच. शहर स्वतःच्या पाळण्यांवर नव्हे, दुसऱ्यांच्या पाळण्यांवर वाढत आहे.

हे कायम चालेल का? भारताचा एकूण प्रजननदर नमुना नोंदणी पद्धतीच्या २०२३ च्या अहवालात १.९ होता. म्हणजे देश म्हणूनही आपण प्रतिस्थापन पातळीच्या खाली उतरलो. ज्या राज्यांतून आज मजूर येतात, तेथेही उतार सुरू झाला आहे.

वृद्धांचा हिशेब

जन्म घटू लागले की समाजाच्या वयाची मांडणी बदलते. प्रारंभी त्याचा लाभच होतो. सांभाळायची मुले कमी आणि कमावते हात अधिक, असा काही दशकांचा काळ येतो. बंगळुरूची भरभराट अशाच काळातली. नंतर तेच कमावते हात म्हातारे होतात. कर्नाटकात साठीच्या पुढील लोकांचे प्रमाण २०११ साली साडेनऊ टक्के होते. २०३१ पर्यंत ते पंधरा टक्क्यांच्या आसपास जाईल असे अनुमान आहे. जपान व दक्षिण कोरिया या अवस्थेतून जात आहेत. दक्षिण कोरियाचा एकूण प्रजननदर २०२३ साली ०.७२ इतका खाली गेला, आणि मुलांसाठी अनुदाने देऊनही तो फारसा सावरलेला नाही. पण ते देश म्हातारे होण्यापूर्वी श्रीमंत झाले होते. कपड्याच्या कारखान्यातील कामगार स्त्री साठीची होईल, तेव्हा तिच्या हाती काय असेल, याचा विचार तिच्या तिशीतच व्हावयास हवा.

राजकारणातही हा प्रश्न उतरला आहे. लोकसभेतील राज्यांच्या जागा १९७६ च्या बेचाळिसाव्या घटनादुरुस्तीने १९७१ च्या जनगणनेनुसार कायम केल्या गेल्या. लोकसंख्या आवरणाऱ्या राज्यांचे नुकसान होऊ नये, हा त्यामागील हेतू. पुढे चौऱ्याऐंशीव्या घटनादुरुस्तीने ही मुदत २०२६ नंतरच्या पहिल्या जनगणनेपर्यंत वाढवली. कर्नाटकाच्या लोकसभेतील २८ जागा त्या जुन्या गणनेवर ठरलेल्या. कुटुंब लहान ठेवल्याबद्दल प्रतिनिधित्व घटावे काय, असा सवाल दक्षिणेकडील राज्ये करतात. आणि प्रत्येक नागरिकाच्या मताचे मोल सारखे नको काय, असा उत्तरेचा प्रतिप्रश्न असतो. दोन्ही प्रश्न खोटे नाहीत.

अलीकडे काही नेते लोकांना अधिक मुले होऊ द्या असे सांगू लागले आहेत. साठ वर्षांपूर्वी ‘थांबा’ म्हणणारे भाषण आणि आजचे हे भाषण, दोन्ही एकाच श्रोत्याला उद्देशून आहेत : स्त्रीला. तिच्या शिलाई यंत्राजवळ चालते पाळणाघर आहे की नाही, घरी परतल्यावर स्वयंपाक एकटीनेच करावयाचा की वाटून, आणि सासू-सासरे आजारी पडले तर रजा कोणी घ्यायची, यांवर तिचे उत्तर अवलंबून राहील.

स्वाध्याय

१. जन्मदर आणि एकूण प्रजननदर यांतील फरक पाठाच्या आधारे स्पष्ट करा.

२. रामनगरम येथील मण्यांच्या माळेचा प्रयोग का फसला? ‘त्या दिवशी नाही म्हणण्याचा अधिकार मणी देत नव्हता’ या विधानाचा अर्थ आपल्या शब्दांत लिहा.

३. ‘शहर स्वतःच्या पाळण्यांवर नव्हे, दुसऱ्यांच्या पाळण्यांवर वाढत आहे’ हे विधान चिक्कमगळूर व बंगळुरू यांच्या आकड्यांच्या साहाय्याने पटवून द्या.

४. आपल्या घरातील किंवा शेजारच्या घरातील तीन पिढ्यांत किती भावंडे होती व त्यांपैकी किती मोठी झाली, याची माहिती आजी-आजोबांना विचारून तक्ता तयार करा. तक्त्याखाली पाच-सहा वाक्यांत आपले निरीक्षण लिहा.